टोपी पांढरी, मणी काळे

'उजळ' हा शब्द मोठा संसारी आहे. एकाच वेळी चार घरी जेवतो. चिंच लावून घासले की तांब्या उजळ होतो. काळवंडलेली पाटली सोनाराकडून उजळून आणतात. शाळेत पाढ्यांची उजळणी होते. ज्याने कुणाचे काही बुडवले नाही, तो गावातून उजळ माथ्याने हिंडतो. इथवर सारे ठीक आहे. परंतु हाच शब्द लग्नाच्या जाहिरातीत शिरला की त्याची चाल बदलते. 'मुलगी उजळ' असे तिथे छापलेले असते, तेव्हा मुलीचे पाढे पक्के आहेत, असा अर्थ कुणी घेत नाही.

या शब्दाशी माझा संबंध रोजचा आहे, आणि तो कादंबरीकार म्हणून नव्हे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. दहावीनंतर पुस्तकी शिक्षणाला रामराम ठोकून मी ब्रश हाती धरला, तो आजतागायत सुटलेला नाही. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री. शाळेत ज्याला चित्र काढता येते, त्याच्याकडे फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा आणि पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी ही कामे न मागता चालत येतात. त्याच वाटेने वार्षिक अंकातले फोटो संगणकावर नीटनेटके करण्याचे कामही माझ्याकडे आले. फोटोशॉप नावाचा कार्यक्रम अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी रचला आणि १९९० साली तो बाजारात आला. त्याची किंमत आमच्या शाळेला झेपणारी नाही. पण १९९६ पासून गिंप नावाचा त्याचा एक फुकट मिळणारा भाऊबंद आहे. त्याच्यावर आमचे उत्तम भागते.

फोटो पडद्यावर उघडला की मागे कुणीतरी मुलगी येऊन उभी राहते. "सर, मला जरा उजळ करा ना." म्हणणारी हसत म्हणते, बाकीच्या हसतात, आणि मी 'बघू' म्हणतो. पण ही मागणी इतक्या वर्षांत इतक्या तोंडून ऐकली आहे, की फोटो उजळ करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा मी जरा मुळापासून विचार करू लागलो.

संगणकाला चित्र दिसत नाही. त्याला दिसतात फक्त आकडे. फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी, आणि प्रत्येक ठिपक्याला उजेडाचे गुण दिलेले. अगदी काळोख असेल तर शून्य, पांढराशुभ्र असेल तर २५५. शून्यासकट एकूण २५६ पायऱ्या. मास्तराला हे चटकन उमगते, कारण त्याचा सारा जन्म माणसाचे आकडे करण्यात जातो. सोयीसाठी आपण २५५ ऐवजी शंभर गुणांचा पेपर धरू.

ब्राइटनेस वाढवणे म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाला सरसकट वीस गुण वाढवून देणे. पस्तीसवाला पंचावन्नावर जातो, साठवाला ऐंशीवर. सगळे खूश. पण पंच्याऐंशीवाल्याला वीस दिले तरी तो शंभरावर अडकतो, आणि अठ्ठ्याण्णववालाही शंभरावरच अडकतो. वर पायरीच नाही. आता ही दोन मुले सारखी झाली. पुढे वाटले की फार झाले, परत घेऊ, आणि सरसकट वीस काढून घेतले, तर दोघेही ऐंशीवर येतात. त्यांच्यातला तेरा गुणांचा फरक कायमचा बुडाला. फोटोत आकाशातले पातळ ढग, नऊवारीच्या पांढऱ्या पदरावरची चुणी, म्हाताऱ्याच्या मिशीतले सुटे केस असे नाहीसे होतात. म्हणून जाणते लोक मूळ फोटोला हात लावत नाहीत, त्याची नक्कल करून तिच्यावर काम करतात. मूळ उत्तरपत्रिका कपाटात असली पाहिजे. फेरतपासणीची वेळ केव्हा येईल सांगता येत नाही.

काँट्रास्टची गोष्ट वेगळी. चित्रकलेच्या तासाला आम्ही त्याला 'उठाव' म्हणतो. त्यात मधला मुलगा जागीच राहतो, पन्नासवाला पन्नासावरच. सत्तरवाल्याला ऐंशीवर चढवतात आणि तीसवाल्याला विसावर उतरवतात. म्हणजे वर्गाची एकंदर पुंजी फारशी वाढत नाही, माणसामाणसातले अंतर वाढते. धुक्यात काढलेल्या फोटोला हे औषध लागू पडते. त्यात झाड, घर आणि माणूस सगळे चाळीस ते साठच्या मध्ये दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांना ऐसपैस केले की डोंगर डोंगरासारखा दिसू लागतो. पण हात सैल सुटला की वरचे शंभरावर आपटतात आणि खालचे शून्यावर. मग चेहऱ्याची एक बाजू चुन्याची आणि दुसरी कोळशाची.

हे सारे एका नजरेत दाखवणारा एक आलेखही पडद्यावर असतो. हिस्टोग्राम म्हणतात त्याला. किती ठिपक्यांना किती गुण, याची ती डोंगररांग. निकाल लागल्यावर मुख्याध्यापक कपाळाला आठ्या घालून पाहतात, तोच हा आलेख. डोंगर डाव्या भिंतीला चिकटला तर वर्ग अंधारात आहे, उजव्या भिंतीला चिकटला तर गुणांची खैरात झाली आहे.

आता आमच्या दहावीच्या ग्रुप फोटोकडे या. मुलांचा गणवेश पांढरा. शाळेची भिंतही चुन्याची. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला एवढेच ठाऊक, की समोरचे सगळे मिळून मध्यम उजेडाचे भरायला हवे. इतका पांढरा रंग पाहून ते समजते की इथे ऊन फार आहे, आणि उजेड कमी करते. परिणाम असा की सदरे राखाडी येतात आणि मुलांचे चेहरे मुळात आहेत त्याहून दोन छटा काळे. मुलगी तो फोटो पाहते आणि तिला वाटते, आपण अशाच दिसतो. खरे पाहता तिचा काही दोष नाही. तिने आपला सदरा स्वच्छ धुऊन आणला होता, एवढेच काय ते कारण.

अशा फोटोला सरसकट वीस गुण दिले तर चेहरे वर येतात खरे, पण सदऱ्यांची कॉलर, गुंड्या आणि खिशाला लावलेली पेने पांढऱ्यात वितळून जातात. त्यावर उपाय आहे. कर्व्ह्ज नावाची एक तिरपी रेघ असते. ती मधोमध हलकेच वर उचलायची. तिची दोन्ही टोके खिळलेली राहतात. काळा केस काळाच राहतो, पांढरा सदरा पांढराच राहतो, आणि त्यांच्यामध्ये जे कोंदून बसलेले असते ते वर येते. गालाचे हाड, डोळ्यातला ठिपका, हसताना पडलेली खळी. मुलीचा रंग बदलत नाही. तिच्यावर पडलेली सावली जाते. सावली हटवणे आणि रंग बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला प्रथम त्या तिरप्या रेघेने शिकवले.

मग रंगाचे प्रकरण येते. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने लंडनमध्ये एक प्रयोग करून दाखवला. चौकड्यांच्या एका रिबिनीचे तीन फोटो घेतलेले होते: एक तांबड्या गाळणीतून, एक हिरव्या आणि एक निळ्या. ते तीन प्रकाश पडद्यावर एकावर एक टाकले, तेव्हा रंगीत रिबीन उमटली. आज तुमच्या खिशातला फोन हेच करतो. प्रत्येक ठिपक्याला तीन पेपर: तांबडा, हिरवा, निळा. प्रत्येकात २५६ पायऱ्या. तिहींचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. पैठणीच्या दुकानातही इतके निघायचे नाहीत.

या रंगांत सगळ्यात नाजूक काम पांढऱ्याचे. आपल्या डोळ्याला पांढरा कागद दिव्याखालीही पांढरा दिसतो आणि उन्हातही, कारण मन आपोआप हिशोब करून घेते. कॅमेऱ्याला मन नाही. प्रकाशाचा रंग केल्व्हिन या मापात सांगतात. मेणबत्तीची ज्योत सुमारे १,९००, जुना पिवळा बल्ब २,७०० च्या आसपास, दुपारचे ऊन ५,५०० च्या. आकडा जितका लहान तितका प्रकाश तांबूस-पिवळा. हे पिवळेपण काढण्यासाठी चित्रात निळा थोडा वाढवायचा असतो. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. नाव ऐकून दबकून जाण्याचे कारण नाही. आपल्या आयांना ते पाठ होते. पांढरे कपडे पिवळट पडले की शेवटच्या पाण्यात नीळ घालीत, ती याचसाठी. निळा पिवळ्याला मारतो. आणि नीळ चार थेंब जास्त पडली तर सदरा आभाळासारखा होऊन बाहेर येई, हेही आपण सर्वांनी अंगावर घालून पाहिले आहे.

पण पांढरे ते पांढरेच दिसले पाहिजे, असा हट्टही दर वेळी धरू नये. दिवाळीत पणत्यांच्या उजेडात काढलेला फोटो संगणकाच्या स्वयंचलित बटणाच्या हाती दिला, तर तो मेहनतीने सगळा पिवळेपणा धुऊन काढतो आणि तुमच्या ओसरीवर ट्यूबलाइट लावून ठेवतो. ती संध्याकाळ पिवळीच होती. तो पिवळेपणा काढला तर मग उरले काय? सॅच्युरेशन नावाचे आणखी एक बटण आहे, ते रंग गडद करते. ते तिखटासारखे आहे. घालणाऱ्याची जीभ बधिर होत जाते आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी येते. झेंडू पेटतो, शालू पेटतो, आणि त्यांच्यामागोमाग माणसांचे गाल नारिंगी होतात.

तुम्ही म्हणाल, फोटो म्हणजे जे दिसले ते. त्यात ही ढवळाढवळ कशाला? मला हे मान्य नाही. अमेरिकेतले नामांकित छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स तरुणपणी पियानो शिकलेले होते. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि छापलेला फोटो म्हणजे प्रत्यक्ष मैफल, अशा अर्थाचे ते सांगत. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा त्यांनी एक फोटो काढला. त्याच एका निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक वर्षे छपाई करीत राहिले, आणि वय वाढत गेले तसे त्या फोटोतले आकाश काळे काळे होत गेले. त्यांना कुणी खोटे म्हटले नाही. कॅमेरा जे टिपतो ते आणि माणसाने जे पाहिले ते यांत अंतर असते. ते अंतर तोडण्यासाठी हात चालवणे हे प्रामाणिक काम आहे.

हात अंतर वाढवण्यासाठीही चालतो, ही खरी अडचण. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत एक माणूस खिडकीशी बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवीत असे. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. तिथे जे काळे ते छापल्यावर पांढरे. तेव्हा काळ्या पेन्सिलीने चेहरा हलके हलके भरत आणला, की मुलगी गोरी होऊन बाहेर पडे. देवीचे व्रण जात, डोळ्याखालची वर्तुळे जात, आणि त्यांच्याबरोबर पाहता पाहता मुलगीही जाई. फोन आज हेच काम न सांगता करतो. काहींत तर ती सोय आधीच सुरू करून ठेवलेली असते.

यात दोष फक्त आपल्या आवडीनिवडीचा आहे असेही नाही. यंत्राचेही कान लहानपणीच कुणीतरी फुंकलेले होते. कोडॅक कंपनी रंगीत फोटो छापणाऱ्यांना मोजमापासाठी एक नमुना पाठवीत असे. त्यात एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा छापात बरोबर उतरली, की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. जिची त्वचा तशी नाही, तिचे काय होईल, ते होवो. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या संशोधिकेने २००९ साली या कार्डांचा इतिहास प्रसिद्ध केला. तिला कोडॅकच्या जुन्या माणसांनी जे सांगितले ते ऐकून हसावे की रडावे कळत नाही. सावळ्या रंगाच्या छटा फिल्मवर नीट याव्यात, यासाठी कंपनीच्या मागे लागले होते ते चॉकलेट बनवणारे आणि लाकडी सामान विकणारे. त्यांना दुधाचे चॉकलेट आणि काळे चॉकलेट वेगळे दिसायला हवे होते, शिसवी आणि सागवान वेगळे दिसायला हवे होते! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड निघायला १९९० नंतरचे दशक उजाडले. २०२१ साली गूगलनेही आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या छटा खऱ्या याव्यात म्हणून केलेली सुधारणा मोठ्या अभिमानाने जाहीर केली. आपल्याकडे १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. मनाला किती लागतील, याचा अंदाज मास्तरकीच्या अनुभवावरून मी करू शकतो, पण सणासुदीला सांगत नाही.

मागच्या वर्षी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील तिला घेऊन घरी आले. मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे. स्वतःच्या पगारावर तिने घरावर पत्रे घातले आहेत.

"सर, पाव्हण्यांना फोटू पाठवायचाय," ते म्हणाले. "जरा उजळ करा."

फोटो दारात उभी करून काढलेला. मागे ऊन, चेहरा अंधारात. मी ती तिरपी रेघ मधोमध उचलली. कपाळ मोकळे झाले, डोळे दिसू लागले, हनुवटीवरचा तीळ वर आला. मुलगी तिच्यासारखी दिसू लागली.

"अजून थोडी करा की."

"यापुढं केली तर हनुवटीवरचा तीळ जाईल," मी म्हणालो.

"तीळ जाऊ द्या हो सर. तिळाला कोण बघतंय?"

मुलगी इतका वेळ खिडकीबाहेर पाहत होती. वळून न पाहता म्हणाली, "राहू द्या सर. तीळ माझा आहे."

वडील गप्प झाले. आमच्या हिने चहा आणला, तो सर्वांनी पावसापाण्याच्या गप्पा मारत घेतला. जाताना मुलीने तो फोटो स्वतःच्या फोनवर घेतला आणि मला वाकून नमस्कार केला. त्या स्थळाचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

ही गोष्ट मनात घोळत असतानाच गणपतीच्या सुट्टीत मी ताईकडे गेलो. ताईच्या माजघरात आमच्या आईचा फोटो आहे. हार घातलेला, काळा-पांढरा, लग्नाआधी पाहुण्यांना दाखवण्यासाठी स्टुडिओत काढलेला. त्यात आई गोरीपान आहे. पेन्सिलीने आपले काम चोख केले आहे. आईला जाऊन पंचवीस वर्षे होऊन गेली. तिच्या नातवंडांनी तिला पाहिले आहे ते याच फोटोत. ताईची मुलगी सोळा वर्षांची आहे, आणि सावळी आहे. तिच्या घरी आलेली पाहुणी माणसे फोटोकडे पाहतात, तिच्याकडे पाहतात, आणि सहज म्हणून जातात, "आजी बघा कशी केतकीसारखी! ही कुणावर गेली कोण जाणे." पोर ते ऐकून चहाचे कप गोळा करते.

त्या मुक्कामात ट्रंकेच्या तळाशी ताईला एक रंगीत फोटो सापडला. १९८६ सालच्या तुळशीच्या लग्नाचा. आई आणि अण्णा तुळशीपाशी उभे, आम्ही दोघे पुढ्यात. म्हणायला रंगीत, आता सगळा विटकरी झालेला. त्या काळच्या बऱ्याच रंगीत छपाईत तांबड्याला अडवणारा निळसर रंग अंधारात ठेवूनही आधी उडून जातो, आणि मागे तांबडेपणा माजतो. तुळस तांबडी, भिंत तांबडी, आम्ही सारे भट्टीतून काढल्यासारखे. ताई म्हणाली, "टाकून देऊ का रे? काहीच दिसत नाही." मी तो घरी आणला आणि स्कॅनरवर ठेवला.

अशा फोटोची दुरुस्ती करायची तर दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्या लागतात: चित्रात खरोखरीचे काळे काय होते आणि खरोखरीचे पांढरे काय होते. ती दोन टोके संगणकाला दाखवली, की तो तिन्ही रंग त्यांच्यामध्ये नव्याने ताणून बसवतो, आणि मधले सगळे आपापल्या जागी येते. त्यासाठी पडद्यावर शाई टाकायच्या नळीसारखी दोन चिन्हे असतात. एक काळ्याला लावायचे, एक पांढऱ्याला.

काळे मी शोधले ते आईच्या गळ्यात. फोटो खूप मोठा केला तेव्हा मंगळसूत्रातला एक मणी स्पष्ट दिसला. विटकरी झाला होता, पण मणी काळा असतो याबद्दल वाद नाही. पांढरे होते अण्णांच्या डोक्यावर. अण्णांची टोपी. मी दोन्ही ठिकाणी नळ्या टेकवल्या. पडद्यावर क्षणभर काही हलले नाही, आणि मग तांबडे पाणी ओसरावे तसा तो रंग ओसरला. तुळस हिरवी झाली. ऊस जांभळा झाला. भिंतीला आमच्या घराचा तो फिका पिस्ता रंग आला, जो मी साफ विसरलो होतो.

तरीही चेहऱ्यांवर कुठेतरी हळदीची छटा राहिली. मी बराच वेळ त्या टोपीकडे पाहत बसलो, आणि मग लक्षात आले. ती टोपी निव्वळ पांढरी नव्हतीच. आई तिला नीळ घालायची, आणि सणाच्या दिवशी जरा जास्तच. निळसर टोपीला मी पांढरी म्हटले, म्हणून बाकी सगळे पिवळ्याकडे कलले होते. निळा दोन पायऱ्या परत वाढवला. टोपीवर निळीची झाक आली, आणि टोपीखालचे अण्णा अण्णांसारखे दिसू लागले.

आणि शेजारी आई होती. सावळी. पावसाने भिजलेल्या मातीसारखा तिचा रंग, कपाळावर मोठे कुंकू, आणि हातात हिरव्या बांगड्या.

मी तो फोटो छापून ताईकडे नेला. ताईने चष्मा पुसला, पाहिले, पुन्हा पुसला. "आई एवढी सावळी होती का रे?"

"तूच सांग. तू मोठी आहेस."

ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "हिरव्या बांगड्या तिच्या हातावर काय उठून दिसायच्या, आठवतं? मला भरल्या की तशा नाही दिसत म्हणून मी रडायचे." ताई अण्णांच्या वळणाची, गोरी. इतक्या वर्षांनी तिला ते रडणे आठवले.

भाची मागे उभी होती. तिने काही न बोलता आपला हात फोटोतल्या हाताशेजारी ठेवला. कापड जुळवून पाहावे तसा थोडा मागेपुढे केला.

"मामा," ती म्हणाली, "हा माझ्या फोनवर पाठव."

हार घातलेला फोटो ताईने काढला नाही. तोही आईचाच, दाखवायला जाताना आई कशी दिसली पाहिजे असे त्या काळाला वाटले, त्याचा. नवा फोटो तिने त्याच्या शेजारी लावला. आता आलेले पाहुणे दोन्हीकडे पाहतात, आणि ताई त्यांना टोपीची आणि मण्याची गोष्ट सांगते. सांगताना नीळ विसरत नाही.

आता या दिवाळीत तुमच्याकडेही फोटो निघतील. पणतीच्या उजेडात काढाल तर तो उजेड तसाच ठेवा. चेहरा सावलीत गेला असेल तर सावली खुशाल काढा. त्यासाठीच ती यंत्रे आहेत. आणि दुपारच्या फराळानंतर सगळे लवंडलेले असतील, तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली घ्या. विटकरी झालेला एखादा फोटो तुमच्याकडेही निघेल. तो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्या आणि विचारा, यातले काळे काय होते, पांढरे काय होते, लुगडे कोणत्या रंगाचे होते, भिंत कसली होती. आठवते ते फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. संगणकापाशी एक कोटी सदुसष्ट लाखांवर रंग आहेत. त्यांतला आपल्या माणसाचा कोणता, हे सांगणारी माणसे घरात दोन-तीनच असतात, आणि तीही थकत चालली आहेत.